तिसरा रकाना

आमच्या कॉलनीची एक नोंदवही आहे.
निळकंठ ढोमणे लिहितात, तारघरातून निवृत्त.
दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची,
पट्टीनं आखलेले तीन रकाने:
वेळ. दिशा. आणि
काय तुटलं.

कमिटी म्हणाली, आवाज मोजायचं यंत्र आणू, आठ हजारांचं.
ढोमणे म्हणाले, 'काहून?
आवाज किती मोठा, ते त्यायलेबी ठाऊक आहे बाप्पा.
त्याच्याखाली काय आलं
ते ठाऊक नाही त्यायले.'

पाच चाळीस. खापरीकडून.
मेश्रामबाईंची झोप. मेडिकलातून नाइट करून आल्या होत्या,
एक पाय अजून चपलेत.

नऊ वीस. जयताळ्यावरून.
शाळेत तेराचा पाढा. तेरा सक अठ्ठ्याहत्तर, आणि मग
गडगडाट.
तेरा साती किती, हे न ऐकताच
एक अख्खी तुकडी पुढच्या वर्गात गेली.

एक दहा. रज्जाकभाई सायकलवाले.
ते म्हणाले अडीचशे, गिऱ्हाइकानं ऐकलं दीडशे.
तुटलं: एक जुनं गिऱ्हाईक.

अकरा पाच, रात्री.
फोनवर डॉक्टर रिपोर्ट सांगत होते.
'पुन्हा सांगा' म्हणायचा धीर झाला नाही.
(नाव लिहू नका म्हणाली.)

पहिल्या वर्षी अर्जावर सह्या एकशे बेचाळीस.
मग प्लॉटचे भाव चढले.
मग कुणाचं पोट्टं मिहानमध्ये लागलं,
पेढे घेऊन आले आणि जाता जाता
सही खोडून गेले, हळूच, देवाला हात लावावा तशी.
तिसऱ्या मजल्याची परवानगी अडलेले तेवढे
नव्यानं सही करायला आले.
त्यांना आवाजाचं काही नव्हतं,
उंचीचं होतं.

शिवणगावचं मात्र कुणीच आलं नाही.
मी विचारायला गेले, मी सचिव ना.
एक म्हातारा निघालेल्या चौकटीच्या जागी उभा होता,
चौकट ट्रॅक्टरवर.
म्हणाला, 'आवाजाची तक्रार करायले
घर लागते, बाई.'
हे मी ढोमण्यांना सांगितलं.
ते कुठल्याच रकान्यात बसेना.

त्यांचे वडील रात्रीच्या टपालविमानांवर हमाल होते.
मध्यरात्री चार दिशांची चार विमानं इथं उतरायची,
पोती अदलाबदल करून परत फिरायची.
अंथरुणात निळकंठ मोजायचा: एक, दोन, तीन, चार.
चौथं उडालं म्हणजे बाबा सायकलवर बसले.
त्याला कधी पाचवा आवाज ऐकायची गरज पडली नाही,
झोप लागलेली असायची.
हे त्यांनी एकदाच सांगितलं
आणि लगेच विचारलं, वहीत लिहिणार नाहीस ना?

मग धावपट्टीच्या डागडुजीसाठी
चाळीस दिवस दिवसाची विमानं बंद झाली.
पहिल्या सकाळी मेश्रामबाईंना जाग आली, शांततेनं.
रज्जाकभाई सवयीनं ओरडूनच बोलत राहिले,
गिऱ्हाईक म्हणे, रागावले काहून?
आणि नऊ वीसला
मास्तर खडू हातात धरून थांबले,
पोरं थांबली,
भाजीवालीचा वांगी-टमाटर वांग्यावरच थांबला,
सगळ्यांनी मान थोडी वर केली.
वर निव्वळ ऊन.

त्या दिवसाची नोंद ढोमण्यांच्या अक्षरात:
नऊ वीस. दिशा नाही.
मी हिले काही तरी विचारत होतो, मधातच थांबलो.
हिनं वाट पाहिली. मग म्हणाली,
बोला ना, कोणी नाही आहे वर.
मले आठवेना काय विचारत होतो.

सोमवारपासून पुन्हा सुरू.
वही संपली होती, मी नवी आणली.
दोनशे पानी मिळाली नाही दुकानात,
शंभर पानी आहे.
रकाने अजून आखायचे आहेत.